मगनवाडीचा ऑडिटर

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. जिथे अडखळलो किंवा एकच गोष्ट तीनदा सांगितली, ते गाळलंय. बाकी भाषा बोललो तशीच ठेवली आहे.

एक प्रश्न मला बरेचदा येतो, विशेषतः कॉलेजमधल्या मुलांकडून. क्लायमेट चेंज लोकांना समजावून सांगणं, शिकवणं, हे करिअर असू शकतं का? बाहेर तर आहेच. अमेरिकेत येल विद्यापीठाने २००५ मध्ये यासाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला, जॉर्ज मेसन विद्यापीठाने २००७ मध्ये. तिथे लोक यात पीएचडी करतात, प्राध्यापक होतात. मग पुढचा प्रश्न येतो: आपल्याकडे हे पहिल्यांदा कोणी केलं?

मी हिंगणघाटचा. त्यामुळे माझं उत्तर पक्षपाती असणार, ते आधीच सांगतो. माझ्या मते कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या एका अर्थतज्ज्ञाने हे काम १९३४ पासून वर्ध्यात बसून केलं. 'क्लायमेट' हा शब्द न वापरता. त्यांचं नाव जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा, म्हणजे जे. सी. कुमारप्पा.

पण आधी वर्ध्याबद्दल दोन मिनिटं, कारण गाव कसं वसलं ते माहीत नसेल तर पुढची गंमत कळत नाही.

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. आजचं वर्धा शहर त्यानंतर, १८६६ मध्ये, पालकवाडी नावाच्या लहानशा गावाच्या जागी आखून वसवलं. रेल्वे होती म्हणून शहर झालं. आणि १८७० च्या दशकात इथून दक्षिणेला एक फाटा निघाला, हिंगणघाटवरून वरोऱ्याला. त्या लाईनचं नावच होतं वर्धा कोल स्टेट रेल्वे. वरोऱ्याला दगडी कोळसा सापडला होता, हिंगणघाटला कापूस होता, दोन्ही एका रुळावर आले. वरोऱ्याची ती खाण १९०६ मध्ये बंद पडली, पण कोळसा काही संपला नाही. पुढे माजरी, चंद्रपूर, बल्लारपूर करत तो पट्टा वाढतच गेला आणि भूगोलाच्या पुस्तकात त्याचं नाव पडलं 'वर्धा खोऱ्यातील कोळसा क्षेत्र'. म्हणजे बघा, जगात 'वर्धा' हे नाव दोन कारणांनी छापलं जातं. एक गांधी, दुसरं कोळसा. बल्लारशाहकडून येणाऱ्या कोळशाच्या मालगाड्या आजही ज्या स्टेशनवरून जातात, त्या स्टेशनचं नाव सेवाग्राम आहे.

आता कुमारप्पा. जन्म ४ जानेवारी १८९२, तंजावर. (हो, आपल्या व्यंकोजीराजांचं तंजावर.) घर तमिळ ख्रिस्ती, आडनाव कॉर्नेलियस. लंडनला जाऊन ते हिशेबतपासनीस झाले, आजच्या भाषेत सीए. मुंबईत स्वतःची ऑडिट फर्म चालवली. मग १९२७ मध्ये अमेरिकेला गेले, सिरॅक्यूजमधून बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशनची पदवी घेतली आणि कोलंबियात सार्वजनिक वित्त शिकायला लागले. तिथले प्राध्यापक एडविन सेलिगमन हे करशास्त्रातलं त्या काळचं मोठं नाव. भारत गरीब का आहे, यावर कुमारप्पांनी केलेल्या एका भाषणाची बातमी पेपरात आली, ती सेलिगमन यांच्या नजरेस पडली आणि त्यांनी तोच विषय संशोधनाला घ्यायला लावला. ब्रिटिश सरकार भारतात कर कसा गोळा करतं आणि तो खर्च कशावर करतं, याचा तो अभ्यास.

१९२९ मध्ये परत आल्यावर हा प्रबंध छापायचा म्हणून ते साबरमतीला गेले, सूटबूट घालून. ९ मे १९२९ ची ही भेट. गांधींनी प्रबंध 'यंग इंडिया'त क्रमशः छापायचं ठरवलं आणि वर एक काम गळ्यात टाकलं: गुजरातमधल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी करा. गुजरात विद्यापीठात त्यांना प्राध्यापक केलं आणि विद्यार्थी घेऊन ते गावोगाव फिरले. कोणाकडे किती बैल, किती कर्ज, वर्षाला हातात काय उरतं, हे सगळं घरोघर जाऊन मोजलं.

इथे थोडं थांबतो, कारण मला वाटतं त्यांच्या सगळ्या विचाराची किल्ली इथे आहे. कुमारप्पांना लोक गांधीवादी म्हणून ओळखतात, आणि गांधीवादी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चरखा, प्रार्थना, साधेपणा असं चित्र येतं. पण हा माणूस मुळात ऑडिटर होता. ऑडिटर पहिली गोष्ट काय बघतो? भांडवल कुठलं आणि उत्पन्न कुठलं. वडिलोपार्जित शेत विकलं आणि आलेले पैसे 'यंदाची कमाई' म्हणून वहीत लिहिले, तर ऑडिटर ती वही फेकून देईल. घर दोन वर्षं श्रीमंत दिसेल, तिसऱ्या वर्षी बसेल.

कुमारप्पांनी हाच नियम निसर्गाला लावला. कोळसा, पेट्रोलियम, खनिजं हा साठा आहे. काढला की कमी होतो, परत भरत नाही. वाहती नदी, वाढतं जंगल, बैलाची ताकद, दरवर्षी येणारं पीक, हा प्रवाह आहे. यातलं जपून घेतलं तर पुढच्या वर्षी पुन्हा मिळतं. साठ्यावर उभ्या असलेल्या अर्थव्यवस्थेला ते तात्पुरती म्हणत, प्रवाहावर चालणारीला टिकाऊ. आणि त्यांचं पुढचं म्हणणं असं, की साठा मर्यादित असल्यामुळे त्यावर ताबा मिळवायला देश भांडणार. म्हणजे तेलावर चालणाऱ्या सुबत्तेच्या पोटात युद्ध असतंच. हे दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास लिहिलेलं आहे. आमच्या क्षेत्रात स्टॉक आणि फ्लो हे शब्द रोज वापरतात, पण मला ते नीट कळले ते कुमारप्पा वाचताना.

आता एक खुलासा, कारण इंटरनेटवर प्रत्येक जुन्या माणसाला 'द्रष्टा' करून टाकायची सवय लागली आहे. कुमारप्पांना जागतिक तापमानवाढ माहीत होती, असं मी अजिबात म्हणत नाही. कोळसा जाळल्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढून पृथ्वी तापेल, हे गणित स्वीडनच्या आऱ्हेनिअसने १८९६ मध्ये मांडलं होतं. प्रत्यक्ष तापमानाच्या नोंदी जमवून 'हे घडतंय' असं म्हणणारा निबंध आला १९३८ मध्ये, गाय कॅलेंडर या इंग्रज इंजिनिअरचा. हा माणूस हवामानशास्त्रज्ञ नव्हता, वाफेच्या तंत्रज्ञानातला होता. गंमत म्हणजे त्याला ही ऊब चांगलीच वाटत होती! तर एकीकडे साठा जाळल्याने आकाशात काय होतं हे मोजणारा माणूस, दुसरीकडे साठा जाळल्याने गावात काय होतं हे मोजणारा. दोघं समकालीन, एकमेकांचा पत्ता नाही.

त्याच १९३८ च्या ३० डिसेंबरला वर्ध्यात मगन संग्रहालयाचं उद्घाटन गांधींच्या हस्ते झालं.

थोडं मागे जाऊ. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, कुमारप्पा त्याचे मंत्री. जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि इमारत दिली, तिला मगनलाल गांधींच्या नावावरून मगनवाडी म्हणू लागले. गांधी सेगावला जायच्या आधी स्वतः तिथे राहत होते. इथून कुमारप्पांचं खरं मास्तरपण सुरू होतं. ग्रामसेवक विद्यालय निघालं, वेगवेगळ्या प्रांतांतून कार्यकर्ते शिकायला यायचे. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, साबण. 'ग्राम उद्योग पत्रिका' नावाचं मासिक निघालं. झवेरभाई पटेलांसारखी मंडळी घाणीच सुधारायला बसली. बैल कमी दमावा आणि तेल जास्त निघावं म्हणून.

आणि मगन दीप. ही मला सर्वांत आवडणारी गोष्ट.

तेव्हा खेड्यात चिमणी आणि कंदील आले होते, रॉकेलवर चालणारे. उजेड चांगला, वात फार बघावी लागत नाही. पण कुमारप्पांच्या वहीत काय दिसत होतं? गावातला तेली गावातल्या बियांपासून तेल काढत होता, ढेप गावातल्या बैलाला जात होती, पैसा गावात फिरत होता. रॉकेल आलं आणि दिव्यापुरता तो पैसा परदेशी कंपनीकडे जायला लागला. तेलीही गेला, ढेपही गेली. यावर भाषण करता आलं असतं. पण बाईला रात्री पोळ्या करायला उजेड पाहिजे, तिला भाषण काय उपयोगाचं? आणि अडचण तांत्रिक होती: वनस्पतीचं तेल रॉकेलपेक्षा घट्ट, ते वातीतून तितकं वर चढत नाही, म्हणून साध्या कंदिलात भरून चालत नाही. मग मगनवाडीत असा दिवा तयार केला जो वनस्पती तेलावर नीट जळेल. तोच मगन दीप.

राजेहो, आज ज्याला कम्युनिकेशन म्हणतात त्याचा हा नमुना आहे. 'जीवाश्म इंधन वाईट आहे' एवढं सांगून ते थांबले नाहीत, त्याऐवजी हातात काय घ्यायचं तेही दिलं. तो दिवा घरोघर पोहोचला का? नाही. रॉकेल जिंकलं, मग वीज आली, आणि वीज आमच्याकडे कोळशाचीच आली. पण हरलेलं डिझाइनसुद्धा कधी कधी प्रश्न बरोबर मांडून जातं.

संग्रहालय त्याच विचारातून निघालं. तिथे राजांच्या तलवारी नव्हत्या. होत्या घाण्या, चरखे, कागद, कारागिरांची हत्यारं. माल बघा, तो बनतो कसा ते बघा, मग ठरवा काय विकत घ्यायचं.

आता शाळा. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. त्यातून डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली, तिने २ डिसेंबरलाच अहवाल दिला. दीड महिना पण नाही! आपल्याकडे आता समितीच्या चहाचं टेंडर निघायला तेवढा वेळ लागतो. समितीत विनोबा होते, काका कालेलकर होते, ई. डब्ल्यू. आर्यनायकम आणि आशादेवी होत्या, आणि आमचे ऑडिटरसाहेबही होते. यालाच पुढे वर्धा योजना, बुनियादी शिक्षण, नई तालीम म्हणू लागले. सात वर्षं सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून. आणि विषय वेगवेगळे न शिकवता तीन गोष्टींना जोडून शिकवायचे: भोवतालचा निसर्ग, भोवतालचा समाज आणि हाताने करायचा उद्योग.

पर्यावरण हा पाठ्यपुस्तकातला सतरावा धडा नव्हता, हे लक्षात घ्या. तो शिकण्याचा पायाच होता. मूल कापूस पिंजतंय, तर त्यातूनच गणित (किती कापसाचं किती सूत, वर्षाला घराला किती कापड), त्यातूनच भूगोल (काळी माती, पाऊस), त्यातूनच इतिहास (मँचेस्टर). सेवाग्रामला आर्यनायकम दांपत्याने हे वर्षानुवर्षं करून दाखवलं. मार्जरी साइक्स शांतिनिकेतनातून १९४९ मध्ये तिथे येऊन राहिल्या.

मग हे बुडालं का? साधारण उत्तर असं देतात की सरकारने मनापासून केलं नाही. ते खरंच आहे. पण मला ते अर्धंच वाटतं. परिषदेतच के. टी. शहांनी विचारलं होतं की शाळेतला माल बाजारात आला तर गरीब कारागिराच्या पोटावर पाय नाही का येणार? समितीलाही धास्ती होती, की शाळेचा खर्च भागवायच्या नादात मास्तर मुलांना राबवून घेतील. आणि सगळ्यांत मोठा प्रश्न पालकांचा. ज्याच्या बापाने, आजाने जन्मभर हातानेच काम केलं, आणि जातीमुळे तेच काम करावं लागलं, त्याला तुम्ही सांगता की तुझ्या पोराला शाळेतही हेच शिकवतो. तो म्हणणार, शहरातल्या पोराला इंग्रजी आणि माझ्या पोराला टकळी? त्याचं चुकलं कुठे? टिकाऊ जगण्याचं शिक्षण फक्त खेड्यासाठी आणि खाऊन माजण्याचं शिक्षण शहरासाठी, अशी वाटणी झाली की खेडं ते नाकारणारच. कुमारप्पांच्या लिखाणात जात या प्रश्नाला पुरेशी जागा नाही, असं माझं मत आहे. तेली हा त्यांच्या हिशेबात उत्पादक होता. तेल्याच्या पोराला तेली राहायचं आहे का, हा रकाना त्यांच्या वहीत नव्हता.

पुढे १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' सुचवला. ऐकणाऱ्यांपैकी अर्धे आता हसले असतील. कार्यानुभव! शुक्रवारचा शेवटचा तास, क्रेप कागदाची फुलं, आईस्क्रीमच्या काड्यांचं घर. सुरुवात कुठे झाली होती आणि शेवट कुठे झाला, बघा. पर्यावरणाचंही तसंच. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण हा विषय शिकवा असा आदेश दिला, तो आपल्यापर्यंत पोहोचला सक्तीचा पेपर आणि प्रोजेक्टची फाईल बनून. इंजिनिअरिंगला हा पेपर सगळ्यांनी दिलाय, पास होण्यापुरता.

माझ्या भाच्याला मागच्या वर्षी 'ग्लोबल वॉर्मिंग' वर मॉडेल करायला सांगितलं होतं. त्याने थर्माकोलची पृथ्वी केली, तोंडात थर्मामीटर, डोक्यावर ओल्या कापडाची पट्टी. छान झालं होतं, बक्षीसही मिळालं. मी विचारलं, बर्फ वितळतंय ते ठीक, पण आपल्या हिंगणघाटला काय होतं रे? तो म्हणाला, आपल्याकडे बर्फ कुठाय मामा. त्याच घरात त्याचे आजोबा पराटीवरच्या गुलाबी बोंडअळीबद्दल आणि पाऊस कसा महिनाभर दडी मारून एका रात्रीत पडतो याबद्दल रोज बोलतात. वर्धा हा २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या, शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांपैकी एक. बियाणं विकत, खत विकत, फवारणी विकत, पंपाची वीज कोळशाची. सगळं साठ्यातून येणारं आणि बाहेरून येणारं. मातीत जे परत जात नाही ते विकत आणावं लागणार, हे कुमारप्पा रासायनिक खतांविरुद्ध बोलताना सांगतच होते. आजोबांचं कर्ज आणि नातवाची थर्माकोलची पृथ्वी हा एकच विषय आहे, हे त्या घरात कोणी कोणाला सांगितलेलं नाही. 'क्लायमेट एज्युकेशन'चं काम म्हणजे माझ्या लेखी नेमकं हे सांगणं. त्याला तापमानाचा आलेख लागतो, तशी घरखर्चाची वहीही लागते.

करिअर म्हणून बघितलं तर कुमारप्पांचं काय झालं? पदं आली, टिकली नाहीत. काँग्रेसच्या राष्ट्रीय नियोजन समितीतून ते काही महिन्यांतच बाहेर पडले. मोठे उद्योग आधी ठरवून मग खेड्यांना काय उरतं ते बघू, हे त्यांना पटेना. 'छोडो भारत'च्या काळात जबलपूरच्या तुरुंगात होते, तिथे 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' लिहिलं. त्यात वाघ, आंब्याच्या बागेतलं माकड, मधमाशी आणि पिल्लाला भरवणारी पक्षीण अशी उदाहरणं घेऊन अर्थव्यवस्थांचे प्रकार सांगितले आहेत. अर्थशास्त्राचं पुस्तक आहे पण चौथीतल्या मुलालाही सांगता येतं. गांधींनी २० ऑगस्ट १९४५ ला मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत त्याची प्रस्तावना लिहिली, त्यात म्हटलं की हे दोन-तीनदा नीट वाचल्याशिवाय पूर्ण कळणार नाही. कोलंबियाची डॉक्टरेट न घेताच परतलेल्या या माणसाला गांधींनी थट्टेने स्वतःच एक पदवी देऊन टाकली: ग्रामोद्योगांचे डॉक्टर.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या कृषी सुधारणा समितीचे ते अध्यक्ष झाले, १९४९ मध्ये अहवाल दिला. नंतर वर्धा जिल्ह्यातच सेलडोहला पन्नई आश्रम करून शेतीचे प्रयोग केले. शेवटची वर्षं तमिळनाडूत गेली. ३० जानेवारी १९६० ला ते वारले.

१९७३ मध्ये 'स्मॉल इज ब्यूटिफुल' आलं, ई. एफ. शुमाकरचं. जीवाश्म इंधन हे भांडवल आहे आणि आपण ते उत्पन्न समजून उडवतोय, हा त्याचा पहिला मुद्दा. पुढे बौद्ध अर्थशास्त्राच्या प्रकरणात त्याने कुमारप्पांचा नाव घेऊन उतारा दिला आहे. पुस्तक जगभर गाजलं, आजही पर्यावरणाच्या अभ्यासक्रमात असतं. हा शुमाकर नोकरीला कुठे होता? ब्रिटनच्या राष्ट्रीय कोळसा मंडळात, आर्थिक सल्लागार म्हणून, वीस वर्षं. कोळशाचे आकडे रोज बघणाऱ्या माणसाला कोळशाच्या रुळाशेजारी बसलेल्या माणसाचं म्हणणं कळलं, यात मला तरी काही आश्चर्य वाटत नाही.

आता प्रत्यक्ष जायचं असेल त्यांच्यासाठी. मगन संग्रहालय वर्धा शहरातच आहे, स्टेशनपासून फार लांब नाही. त्याच मगनवाडीत आता महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, लोक तिला 'एमगिरी' म्हणतात. दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे, १९७६ मध्ये देवेंद्रकुमारांनी सुरू केलेलं. आणि सेवाग्रामला २००५ पासून आनंद निकेतन शाळा चालते, नई तालीमच्या पद्धतीने. शेती, स्वयंपाक, सूतकताई हे तिथे वर्गाचाच भाग आहेत. मे महिन्यात जाऊ नका, पारा सेहेचाळीसच्या वर जातो. दिवाळीनंतर जा, तेव्हा शेतात कापूस फुटलेला असतो.

पुढचा भाग देवेंद्रकुमारांवर करायचा विचार आहे. तुमच्या घरात कोणी बुनियादी शाळेत शिकलेलं असेल, आजी-आजोबा, शेजारचे कोणी, तर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. टकळी आवडायची की कंटाळा यायचा, दोन्ही चालेल.